पाव आण्याच्या कार्डापासून कमेंटपर्यंत

नव्या कादंबरीतला एखादा परिच्छेद फेसबुकवर टाकायचा, इन्स्टाग्रामवर कविता वाचून दाखवायची आणि खाली आलेल्या प्रतिक्रियांना रात्री बसून उत्तरं द्यायची, हे आज कितीतरी मराठी लेखकांच्या अंगवळणी पडलं आहे. जुनी माणसं याला प्रसिद्धीची हौस म्हणतात. मला ते पटत नाही. थेट वाचकाशी बोलण्याची ओढ मराठी लेखकाला छापखाना आल्यापासून आहे आणि तिचं कूळ चांगलं दीडशे वर्षांहून जुनं आहे.

1848 साली मुंबईच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ या नावानं पत्रं येऊ लागली. भाऊ महाजनांच्या या साप्ताहिकात लिहिणारे गोपाळ हरि देशमुख तेव्हा पंचविशीत होते आणि सरकारी नोकरीत होते. बालविवाह, विधवांची स्थिती, जातिभेद, ब्राह्मणांची पोकळ विद्वत्ता अशा विषयांवर 1850पर्यंत त्यांनी शंभरावर पत्रं लिहिली. पुढं ती ‘शतपत्रे’ म्हणून ओळखली गेली. एवढे कडू विषय मांडायला त्यांनी ग्रंथाचा नव्हे, पत्राचा घाट निवडला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पत्र लिहिणारा समोर कुणीतरी आहे असं धरूनच लिहितो.

पण वाचकानं उलट लिहायचं तर त्याला ते परवडायला हवं. 1854 साली अंतर कितीही असो, साध्या पत्राला अर्धा आणा असा दर ठरला. 1879 साली पोस्टकार्ड आलं, त्याची किंमत पाव आणा. उलट लिहिणं आता वाचकाच्या आवाक्यात आलं. पुढं 1890 साली हरिभाऊ आपट्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं. त्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी त्यात क्रमशः छापली गेली. तिची नायिका यमू आपली कहाणी स्वतः सांगते आणि तिचं पुढं काय झालं हे कळायला वाचकाला पुढच्या अंकाची वाट पाहावी लागते. संपादक तेच, कादंबरीकारही तेच. कादंबरी अजून लिहून व्हायची असताना वाचक तिच्यासोबत चालत होता. आज एखादी कादंबरी पोस्टींच्या तुकड्यांतून वाढते, तिची वाट अशा क्रमशः कादंबऱ्यांनी घालून दिली.

मात्र या कुळाची दुसरी शाखा सांगितल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही. 1885 साली पुण्यात ग्रंथकारांची सभा भरायची होती. न्यायमूर्ती रानड्यांनी जोतीराव फुल्यांना बोलावलं. फुल्यांनी नकार कळवला. जे लोक सर्वांना माणुसकीचे हक्क द्यायला तयार नाहीत, त्यांच्या सभांशी आणि ग्रंथांशी आमचा मेळ बसत नाही, असा त्या पत्राचा आशय होता. लेखक कुणाशी बोलतो आणि कुणाचं ऐकतो, हा प्रश्न त्यांनी त्या पत्रानं मराठी साहित्याच्या पुढ्यात ठेवला. त्याआधी 1855 साली फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ताबाई या मांग समाजातल्या विद्यार्थिनीचा निबंध ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात आला होता. ज्यांना वाचकही मानलं जात नव्हतं, त्यांच्यातली एक मुलगी थेट लेखिका म्हणून उभी राहिली होती.

विसाव्या शतकात या दोन्ही शाखा वाढल्या. विंदा करंदीकर, मंगेश पाडगावकर आणि वसंत बापट यांनी गावोगाव कविता वाचल्या. पुस्तक विकत न घेऊ शकणाऱ्यांपर्यंतही कविता कवीच्या आवाजात पोचली. गंगाधर पानतावण्यांच्या ‘अस्मितादर्श’ या नियतकालिकानं लेखक-वाचक मेळावे भरवले. नावातच दोघं शेजारी होते. अनेक दलित लेखकांना पहिला श्रोता तिथं भेटला. धारवाडचे कथाकार जी. ए. कुलकर्णी तर सभा-समारंभांपासून कायम दूर राहिले, पण पत्रांत ते मोकळे होत. त्यांच्या निधनानंतर या पत्रांचे खंड निघाले. माणसांत न मिसळणारा लेखकही वाचकाशी किती जवळचं बोलू शकतो, याचा तो पुरावा आहे.

1996 साली परदेशातल्या मराठी माणसांनी ‘मायबोली’ हे संकेतस्थळ सुरू केलं. तेव्हा मराठी संकेतस्थळांवर ज्याचा त्याचा फॉन्ट असायचा आणि तो उतरवून घेतल्याशिवाय अक्षर दिसत नसे. युनिकोड रुळल्यावर ही अडचण गेली. फेसबुक 2006 साली सर्वांना खुलं झालं, पुढं देवनागरी मोबाइलवर आली आणि बांधावरचा वाचकही पुण्या-मुंबईच्या लेखकाला उलट प्रश्न विचारू लागला. फुल्यांनी उभ्या केलेल्या प्रश्नाला तंत्रानं पूर्ण उत्तर दिलेलं नाही, पण दार उघडलं आहे. निमंत्रण नसलेला माणूस आता बोलू शकतो. त्याचं बोलणं कधी कठोर असतं, कधी चुकीचंही. तरी ऐकून घेणं हे लेखकाचं काम आहे. नुसती नव्या पुस्तकाची जाहिरात टाकून निघून जाणारा लेखक या परंपरेचा वारस नव्हे.

आणखी एक काम मला तातडीचं वाटतं. हा सगळा माग काढता येतो, कारण कागद राहिले. फुल्यांचं पत्र ‘ज्ञानोदय’नं छापलं म्हणून आपल्याला ठाऊक आहे. जी.एं.ची पत्रं लोकांनी जपून ठेवली म्हणून त्यांचे खंड झाले. आजचा संवाद मात्र परदेशी कंपन्यांच्या यंत्रांवर आहे. खातं बंद झालं की लेखकाची पोस्ट जाते आणि तिच्याखाली एखाद्या शिक्षिकेनं मन ओतून लिहिलेलं उत्तरही जातं. म्हणून लेखकांनी वाचकांच्या चांगल्या प्रतिक्रिया, त्यांची परवानगी घेऊन, उतरवून ठेवाव्यात. जिल्हा ग्रंथालयांनी आणि साहित्य संस्थांनी पत्रसंग्रहांसारखे त्यांचे संग्रह करावेत. आपल्या काळात मराठी वाचक काय म्हणत होता, हे पुढच्या अभ्यासकाला त्यांतूनच कळेल.