गॅस सेंट्रिफ्यूज : सुईच्या टोकावर फिरणाऱ्या यंत्राचा इतिहास

निसर्गात सापडणाऱ्या युरेनियमच्या दर हजार अणूंपैकी जेमतेम सात अणू युरेनियम-२३५ या समस्थानिकाचे असतात. उरलेले जवळपास सर्व अणू युरेनियम-२३८ चे. विखंडनाची साखळी सहजपणे चालू ठेवण्याचे सामर्थ्य असते ते या सात अणूंत. वीजनिर्मिती करणाऱ्या बहुतेक अणुभट्ट्यांना त्यांचे प्रमाण तीन ते पाच टक्क्यांपर्यंत वाढवलेले इंधन लागते. अण्वस्त्रासाठी ते सुमारे नव्वद टक्क्यांवर न्यावे लागते. प्रमाण वाढवण्याच्या या प्रक्रियेस समृद्धीकरण म्हणतात. आज व्यापारी प्रमाणावरील समृद्धीकरण ज्या यंत्रावर चालते, ते गॅस सेंट्रिफ्यूज म्हणजे निर्वात आवरणात प्रचंड वेगाने फिरणारे एक पातळ, उभे नळकांडे होय. या यंत्राची कल्पना १९१९ मध्येच मांडली गेली होती. ती व्यवहारात उतरण्यास मात्र सुमारे चार दशके लागली आणि त्यातील निर्णायक टप्पा गाठला तो सोविएत संघात नेण्यात आलेल्या जर्मन व ऑस्ट्रियन तंत्रज्ञांनी.

तत्त्व सोपे, यंत्र अवघड

एकाच मूलद्रव्याच्या समस्थानिकांचे रासायनिक गुणधर्म जवळजवळ सारखेच असतात. त्यामुळे कोणत्याही साध्या रासायनिक क्रियेने ते अलग करता येत नाहीत. त्यांच्यात फरक असतो तो वस्तुमानाचा. सुपातील धान्य पाखडताना हलका कोंडा उडून जातो आणि जड दाणा मागे राहतो, त्याप्रमाणे वस्तुमानातील या फरकाचा उपयोग करणे हाच मार्ग उरतो. दुधातून साय वेगळी काढणारे दुग्धालयातील यंत्रही याच तत्त्वावर चालते. वेगाने फिरणाऱ्या भांड्यात जड द्रव बाहेरच्या बाजूस ढकलला जातो आणि हलकी साय मध्याजवळ राहते.

ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रेडरिक लिंडेमन आणि फ्रान्सिस अॅस्टन यांनी १९१९ मध्ये हेच तत्त्व समस्थानिकांना लावता येईल असे सुचवले. युरेनियमच्या बाबतीत त्यासाठी वायुरूप संयुग लागते. युरेनियम हेक्साफ्लुओराइड हे ते संयुग. सर्वसाधारण दाबाखाली सुमारे ५६ अंश सेल्सियसला त्याचे घनरूपातून थेट वायूत रूपांतर होते. त्याच्या रेणूंचे वस्तुमान ३४९ किंवा ३५२ असते. म्हणजे फरक एक टक्क्याहूनही कमी. इतक्या अल्प फरकाचा परिणाम जाणवावा, यासाठी नळकांड्याच्या भिंतीचा वेग सेकंदाला काहीशे मीटर ठेवावा लागतो. नामवंत भौतिकशास्त्रज्ञ पॉल डिरॅक यांनी १९४१ मध्ये या यंत्राच्या क्षमतेची सैद्धांतिक मर्यादा मांडली. ही कमाल क्षमता नळकांड्याच्या लांबीच्या आणि भिंतीच्या वेगाच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला तर क्षमतेची मर्यादा सोळापट होते. साहजिकच, सारा प्रश्न वेगाचा आणि तो वेग सोसणाऱ्या नळकांड्याचा झाला.

व्हर्जिनियातील प्रयोग

स्वीडनच्या थेओडोर स्वेडबर्ग यांनी १९२० च्या दशकात प्रथिनांच्या अभ्यासासाठी अतिवेगवान सेंट्रिफ्यूज तयार केला होता. परंतु हवेत फिरणाऱ्या यंत्रात घर्षणाने उष्णता निर्माण होते, उष्णतेने वायूत प्रवाह उठतात आणि विलग होऊ लागलेले घटक पुन्हा मिसळून जातात. अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठात जेसी बीम्स यांनी फिरता भाग निर्वात कक्षात ठेवून ही अडचण दूर केली. १९३० च्या दशकाच्या मध्यास त्यांनी आपल्या यंत्राने क्लोरीनचे समस्थानिक काही प्रमाणात अलग करून दाखवले. वायूच्या अपकेंद्री विलगीकरणाचा हा पहिला यशस्वी प्रयोग मानला जातो.

१९३८ च्या अखेरीस युरेनियमच्या विखंडनाचा शोध लागला आणि प्रयोगशाळेतील या कुतूहलाला एकाएकी युद्धाचे महत्त्व आले. अमेरिकेच्या अणुबाँब कार्यक्रमात सेंट्रिफ्यूज हा आरंभी एक प्रमुख पर्याय होता. बीम्स यांच्याबरोबर वेस्टिंगहाऊस कंपनी यंत्रबांधणीच्या कामाला लागली. कोलंबिया विद्यापीठात हॅरल्ड युरी आणि कार्ल कोहेन यांनी सिद्धांताची बाजू सांभाळली. त्यांच्या अंदाजानुसार दिवसाला एक किलोग्रॅम युरेनियम-२३५ मिळवण्यासाठी एक मीटर लांबीचे ५० हजारांपर्यंत सेंट्रिफ्यूज लागणार होते.

एवढी यंत्रे अहोरात्र, महिनोन्महिने चालवायची, तर ती विश्वासार्ह हवीत. प्रत्यक्षात वेगवान चाचण्यांत मोटारी जळत, दांडे मोडत, बेअरिंग निकामी होत. प्रत्येक लांब नळकांड्याचे स्वतःचे काही कंपनवेग असतात. फिरण्याचा वेग त्यांच्याशी जुळला की कंप एकाएकी वाढतो आणि नळकांडे तुटू शकते. नळकांडे लांब असेल, तर पूर्ण वेग गाठण्यापूर्वी असे धोक्याचे टप्पे ओलांडावे लागतात. अखेर नोव्हेंबर १९४२ मध्ये अमेरिकेने सेंट्रिफ्यूजचा मार्ग सोडला. ओक रिज येथे विद्युत्चुंबकीय विलगीकरण आणि वायुविसरण या पद्धतींचे अवाढव्य कारखाने उभे राहिले. वायुविसरणाच्या के-२५ या कारखान्याची इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची इमारत सुमारे अर्धा मैल लांब होती. विजेची भूकही तितकीच अफाट होती.

जर्मनीतही विल्हेल्म ग्रोथ आणि पॉल हार्टेक यांनी कीलच्या आन्श्युट्झ कंपनीच्या साह्याने सेंट्रिफ्यूजवर काम चालवले होते. १९४२ मधील पहिल्या यंत्राचे नळकांडे चाचणीतच फुटले. पुढे सुधारित यंत्राने थोडे यश दिले. पण बाँबवर्षावामुळे प्रयोगशाळा वारंवार हलवावी लागली आणि काम औद्योगिक पातळीवर पोहोचलेच नाही. सोविएत संघात खारकोव्ह येथे जर्मन स्थलांतरित फ्रिट्झ लांगे यांचाही सेंट्रिफ्यूज होता; तो आडवा आणि अवजड होता. तिन्ही देशांत युद्ध संपेपर्यंत हे यंत्र प्रयोगाच्या पुढे गेले नाही.

सुखुमीतील बंदिस्त प्रयोगशाळा

युद्ध संपताच सोविएत संघाने जर्मन शास्त्रज्ञांना आपल्या अणुकार्यक्रमासाठी नेले. काळ्या समुद्राच्या काठी सुखुमी येथे मान्फ्रेड फॉन आर्डेन यांच्या नावाने एक संस्था उभी राहिली. तेथे सीमेन्स कंपनीतील अनुभवी भौतिकशास्त्रज्ञ माक्स स्टेनबेक यांच्याकडे समस्थानिकांच्या विलगीकरणाचे काम आले. स्टेनबेक स्वतः १९४५ मध्ये पकडले जाऊन छावणीत हालअपेष्टा भोगून आलेले होते. १९४६ मध्ये त्यांच्या गटात आणखी एक युद्धकैदी दाखल झाला. गेर्नोट झिप्पे हे त्याचे नाव. १९१७ मध्ये बोहेमियातील वार्न्सडोर्फ येथे जन्मलेल्या झिप्पे यांनी व्हिएन्ना विद्यापीठात भौतिकशास्त्राचे शिक्षण घेतले होते. युद्धात ते जर्मन हवाई दलात होते. सेंट्रिफ्यूजचा पूर्वानुभव त्यांना नव्हता.

स्टेनबेक यांनी सिद्धांत हाताळला, तर झिप्पे आणि रुडोल्फ शेफेल यांनी प्रयोग व यंत्ररचना सांभाळली. लांब नळकांड्यांवरील प्रयत्नांनंतर हा गट आखूड नळकांड्याकडे वळला. आखूड नळकांडे कंपाच्या पहिल्या धोक्याच्या टप्प्याखालीच पूर्ण वेग गाठू शकते, हा त्याचा मोठा लाभ होता.

खरी किमया होती ती आधाराच्या रचनेत. नळकांड्याच्या तळाशी एक बारीक सुई बसवली गेली. तिचे टोक तेलात असलेल्या लहानशा खळग्यात टेकत असे. भोवरा आरीवर फिरतो, तसे नळकांडे या टोकावर फिरे. वरच्या बाजूस त्याला कशाचाही स्पर्श नव्हता. चुंबक त्याला नुसत्या ओढीने सरळ उभे ठेवी. फिरवण्यासाठी दांडा किंवा पट्टा नव्हता. तळाशी असलेल्या विद्युत्चुंबकीय क्षेत्राने ते फिरत राही. बेअरिंगवर भार अगदी थोडा आणि थोडीशी डोलण्याची मोकळीक असल्याने नळकांडे आपला तोल आपणच शोधून घेई. बीम्स यांचे यंत्र ज्या दांड्यांनी आणि बेअरिंगांनी अडवले होते, ते जवळजवळ सगळे येथे काढूनच टाकले गेले होते. नळकांड्याच्या आतील वायूला वर-खाली अभिसरण देऊन भिंतीलगतच्या अल्प विलगीकरणाचा परिणाम लांबीभर साठवला जाई आणि दोन टोकांशी बसवलेल्या स्थिर नळ्या समृद्ध व निकृष्ट वायू वेगवेगळे गोळा करीत. एका यंत्राने मिळणारी वाढ अल्पच असते. म्हणून शेकडो-हजारो यंत्रे एकमेकांना जोडून त्यांची साखळी करावी लागते.

१९५० च्या दशकाच्या आरंभी हे काम लेनिनग्राडच्या किरोव्ह कारखान्याकडे गेले. तेथे व्हिक्टर सेर्गेयेव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे यंत्र औद्योगिक उत्पादनायोग्य केले. आयझॅक किकोइन यांच्याकडे वैज्ञानिक नेतृत्व होते. पश्चिमेत ही रचना 'झिप्पे सेंट्रिफ्यूज' म्हणून ओळखली गेली, तर रशियात तिच्या श्रेयात सोविएत अभियंत्यांचा वाटा मोठा मानला जातो. उरलच्या परिसरातील नोव्होउराल्स्क येथे १९५७ मध्ये प्रायोगिक आणि १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात मोठ्या प्रमाणावरील संयंत्र सुरू झाले. पाश्चात्त्य जगापासून ही गोष्ट पुढे कित्येक वर्षे दडवली गेली.

स्मरणातून उभे केलेले यंत्र

गुपिते विसरली जावीत या हेतूने काही काळ अन्य कामावर ठेवून १९५६ मध्ये झिप्पे यांना मायदेशी जाऊ देण्यात आले. टिपणे अथवा आराखडे सोबत नेण्यास मनाई होती. १९५७ मध्ये अॅम्स्टरडॅम येथील परिषदेत ते उपस्थित राहिले, तेव्हा एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. सुखुमीच्या गटाने जे साधले होते, त्याच्या बरेच मागे पाश्चात्त्य संशोधक होते.

अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाने त्यांना पाचारण केले. १९५८ ते १९६० या काळात बीम्स यांच्याच व्हर्जिनिया विद्यापीठात झिप्पे यांनी केवळ स्मरणाच्या बळावर यंत्र पुन्हा उभे केले. सुमारे साडेसात सेंटिमीटर व्यासाचे अॅल्युमिनियमचे नळकांडे सेकंदाला सुमारे १५०० फेरे घेत होते. म्हणजे त्याच्या भिंतीचा वेग हवेतील ध्वनीच्या वेगाहून किंचित अधिक होता. १९६० मध्ये या कामाचा अहवाल सिद्ध झाला. एका छोट्या, कमी विजेवर चालणाऱ्या, लपवण्यास सोप्या यंत्राने समृद्धीकरण होऊ शकते, हे आता उघड झाले. त्याच वर्षी अमेरिकेच्या आग्रहावरून पश्चिम जर्मनी आणि नेदरलँड्स यांनी आपले सेंट्रिफ्यूज संशोधन गोपनीय ठरवले. अमेरिकेत गुप्त काम करत राहण्याचा प्रस्ताव झिप्पे यांनी नाकारला आणि ते युरोपला परतले. २००८ मध्ये त्यांचे निधन झाले.

आल्मेलो ते काहुटा

युरोपात नेदरलँड्सचे याकोब किस्टेमाकर आणि जर्मनीतील व ब्रिटनमधील गट स्वतंत्रपणे काम करीत होते. ४ मार्च १९७० रोजी या तीन देशांनी आल्मेलो येथे करार केला आणि त्यातून युरेंको ही संयुक्त कंपनी आकाराला आली. अॅल्युमिनियमच्या जागी अधिक बळकट मिश्रधातूचे पोलाद आले आणि पुढे कार्बन तंतूंची नळकांडी आली. वायुविसरणाच्या तुलनेत विजेचा वापर सुमारे चाळीस ते पन्नास पटींनी घटला. फ्रान्सने आपला वायुविसरण कारखाना २०१२ मध्ये, तर अमेरिकेने आपला शेवटचा कारखाना २०१३ मध्ये बंद केला. १९४२ मध्ये सेंट्रिफ्यूज सोडून देणाऱ्या अमेरिकेत २०१० मध्ये युरेंकोचाच कारखाना सुरू झाला होता.

परंतु ही बचतच धोक्याची ठरली. के-२५ सारखी इमारत आणि तिला लागणारी वीज लपवणे अवघड. सेंट्रिफ्यूजची साखळी मात्र सामान्य गोदामासारख्या इमारतीत मावते. भोपाळमध्ये जन्मलेले पाकिस्तानी धातुशास्त्रज्ञ अब्दुल कादीर खान १९७२ पासून युरेंकोशी संबंधित एका डच प्रयोगशाळेत नोकरीस होते. १९७५ च्या अखेरीस ते पाकिस्तानात परतले आणि पुढे काहुटा येथे सेंट्रिफ्यूजचे संयंत्र उभे राहिले. डच न्यायालयाने १९८३ मध्ये त्यांना अनुपस्थितीत दोषी ठरवले. समन्स बजावण्यातील त्रुटीमुळे तो निकाल पुढे रद्द झाला. मे १९९८ मध्ये पाकिस्तानने चाचणीस्फोट केले. फेब्रुवारी २००४ मध्ये खान यांनी दूरचित्रवाणीवरून तंत्रज्ञान अन्य देशांना पुरवल्याची कबुली दिली. इराण, लिबिया व उत्तर कोरिया ही त्यातील नावे होती.

भारतापुरते बोलायचे, तर समृद्ध युरेनियमचे महत्त्व महाराष्ट्राने तारापूरमध्ये अनुभवले आहे. १९६९ मध्ये सुरू झालेल्या तेथील पहिल्या दोन अणुभट्ट्या समृद्ध युरेनियमवर आधारलेल्या होत्या. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेकडून मिळणाऱ्या इंधनाचा प्रश्न अनेक वर्षे चिघळत राहिला. म्हैसूरजवळ रत्तेहळ्ळी येथे भारतानेही पुढे सेंट्रिफ्यूजवर आधारलेले संयंत्र उभारले.

वीजनिर्मितीसाठी इंधन तयार करणारी यंत्रसाखळीच जोडणी बदलून आणि अधिक काळ चालवून शस्त्रासाठी वापरता येते. यामुळेच इराणमधील नतांझचे संयंत्र गेली दोन दशके आंतरराष्ट्रीय राजकारणाच्या केंद्रस्थानी आहे. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या संगणक-विषाणूने तेथील सेंट्रिफ्यूजच्या फिरण्याच्या वेगातच ढवळाढवळ केली होती. जून २०२५ मध्ये नतांझ आणि फोर्दो येथील केंद्रांवर थेट हवाई हल्ले झाले. इमारती पाडता येतात, यंत्रे मोडता येतात. पण आराखड्याचा एक कागदही हाती नसताना झिप्पे यांनी व्हर्जिनियात हेच यंत्र पुन्हा उभे केले होते. सेंट्रिफ्यूजच्या प्रसारावर नियंत्रण ठेवू पाहणाऱ्या प्रत्येक पिढीपुढील अडचण तेव्हापासून हीच राहिली आहे.