जयगडची फेरीबोट आणि उत्प्रेरक

जयगडच्या जेटीवर फेरीबोटीची वाट बघत एका लोखंडी खांबाला टेकलो आणि तळवा तांबूस झाला. खाऱ्या वाऱ्यात लोखंड टिकत नाही, हे कोकणात पोराटोरांनाही ठाऊक. मिठातला क्लोराइड लोखंडाशी थोडा वेळ जुळतो, त्याला विरघळवून बाहेर ओढतो. गंज तयार झाला की क्लोराइड बराचसा मोकळा होतो आणि पुन्हा कामाला लागतो. म्हणून एवढंसं मीठही भारी पडतं.

शाळेत मी उत्प्रेरकाची व्याख्या घोकली होती: जो नुसत्या हजेरीने अभिक्रियेचा वेग बदलतो, पण स्वतः बदलत नाही. लग्नात मांडवात मिरवणाऱ्या पाहुण्यासारखं काहीतरी डोळ्यांसमोर यायचं. पण क्लोराइड तर राबतो! मग ही ‘नुसती हजेरी’ आली कुठून?

१८३५ साली स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी काही सुट्या नोंदी एकत्र आणल्या. आम्लामुळे स्टार्चची साखर होते, प्लॅटिनमच्या संगतीत हायड्रोजन पेट घेतो, आणि आम्ल किंवा प्लॅटिनम खर्ची पडत नाही. या प्रकाराला त्यांनी ग्रीक शब्दावरून ‘कॅटॅलिसिस’ नाव दिलं. हे पदार्थ केवळ उपस्थितीने इतरांमधली निजलेली ओढ जागी करतात, असं त्यांना वाटलं.

त्याच्या चाळीस वर्षं आधी, १७९४ साली, एलिझाबेथ फुलहेम या बाईंनी लंडनमध्ये एक पुस्तक छापलं होतं. कापडावर सोन्याचांदीचा मुलामा चढवायची त्यांची धडपड होती. नवऱ्याला आणि मित्रमंडळींना ते होण्यासारखं वाटत नव्हतं. प्रयोग करता करता त्यांना दिसलं, की अनेक अभिक्रिया पाण्यावाचून अडतात. त्यांनी मांडलं, की पाणी त्यात भाग घेतं, मोडतं आणि शेवटी पुन्हा तयार होतं. त्यांचे सगळे तपशील पुढे टिकले नाहीत, पण हा मुद्दा टिकला. पाठ्यपुस्तकात नाव मात्र बर्झेलियसचं राहिलं.

पुढे ऑस्टवाल्ड यांनी उत्प्रेरकाला वेगाच्या हिशेबात बसवलं आणि १९०९ चं नोबेल मिळवलं. जे मुळात घडूच शकत नाही, ते उत्प्रेरक घडवत नाही. जे घडू शकतं, त्याला कमी चढणीची वाट देतो.

एवढ्यात बोट लागली. पलीकडे गुहागर तालुक्यातलं तवसाळ. शास्त्री नदीच्या खाडीला वळसा घालून गाडीनेही तिथे जाता येतं, पण फार लांबून. बोट दोन्ही काठ होते तिथेच ठेवते, फक्त मधली वाट सोपी करते, आणि तीही दोन्ही दिशांना सारखीच. उत्प्रेरकही उलट अभिक्रियेला तितकाच हात देतो. उपमा एका जागी तोकडी पडते: बोटीला डिझेल लागतं, उत्प्रेरक पदरची ऊर्जा घालत नाही.

तवसाळला उतरून मागे पाहिलं. बोट रिकामी झाली होती आणि जयगडला जाणाऱ्या गाड्या चढायला लागल्या होत्या. नुसती हजर होती, असं तिच्याबद्दल कोण म्हणेल?