टाके, दुर्बीण आणि लाज

आमच्या लहानपणी कोल्हापुरात मोठं ऑपरेशन म्हटलं की घरातली वडीलधारी मंडळी मिरजेचं नाव काढत. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४मध्ये तिथे मिशन हॉस्पिटल सुरू केलं होतं, त्याचा दबदबा दूरवर होता. ऑपरेशन म्हणजे पोट फाडणं, हाच तेव्हाचा समज.

माझ्या खालाच्या पोटावर बेंबीखाली असाच लांब व्रण होता. शौचावाटे रक्त जात असल्याचं तिने वर्षभर कुणालाच सांगितलं नाही. मूळव्याध असेल म्हणून घरगुती औषधं घेत राहिली. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं निदान झालं तेव्हा गाठ बरीच वाढली होती. ऑपरेशननंतर ती फार दिवस जगली नाही.

आतड्याच्या शस्त्रक्रियेचा इतिहास वाचताना मला खाला आठवते, कारण या इतिहासात सुरी आणि लाज सोबतच चालतात.

सुश्रुतसंहितेत फाटलेल्या आतड्याच्या कडा काळ्या मुंग्यांच्या चाव्याने जोडण्याची कृती आहे. दहाव्या शतकातले कॉर्डोबाजवळचे शल्यविशारद अबुल कासिम अल-जहरावी यांच्या ‘किताब अल-तसरीफ’मध्येही मुंग्यांचा हा उपाय येतो. या ग्रंथाच्या तीस भागांपैकी शेवटचा शस्त्रक्रियेवर आहे. त्यात सुमारे दोनशे उपकरणांची चित्रं आहेत. बाराव्या शतकात त्याचं लॅटिन भाषांतर झालं आणि युरोपने तो शेकडो वर्षं वापरला.

मूत्राशयातला खडा काढताना गुदद्वारातून बोट घालून तो चाचपावा, असं अल-जहरावी लिहितात. बायका पुरुष वैद्यापुढे येत नाहीत, हेही ते नोंदवतात. अशा वेळी जाणकार स्त्री वैद्य शोधावी, नाहीतर सुईणीकडून वैद्याच्या सूचनेनुसार काम करून घ्यावं, असा त्यांचा सल्ला आहे. बाईच्या लाजेचा त्यांनी मान राखला, पण त्यापायी उपचार थांबवला नाही.

पुढे बेशुद्धीचं औषध आणि निर्जंतुकीकरण आलं, तेव्हा पोट उघडणं सुरक्षित झालं. मग छेद लहान करण्याची धडपड सुरू झाली. १९८०मध्ये जर्मनीत कुर्ट झेम यांनी दुर्बिणीने अपेंडिक्स काढलं. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी १९९०मध्ये दुर्बिणीने पित्ताशय काढून भारतात ही वाट मोकळी केली. १९८३च्या सुमारास जर्मनीतच गेरहार्ड ब्युस यांनी गुदद्वारातून नळी घालून, पोटाला हात न लावता, गुदाशयातल्या गाठी काढायला सुरुवात केली होती.

सर्वात धाडसी पाऊल आपल्या शेजारी, हैदराबादेत पडलं. एका रुग्णाचं पोट भाजल्यामुळे तिथे छेद घेणं कठीण होतं. डॉ. जी. व्ही. राव आणि डॉ. नागेश्वर रेड्डी यांनी तोंडावाटे दुर्बीण जठरात नेली आणि जठराला छिद्र पाडून अपेंडिक्स तोंडातून बाहेर काढलं. जगभर चर्चा झाली, पण ही पद्धत रुळली नाही. जठराचं छिद्र खात्रीने बंद करणं अवघड होतं आणि साध्या दुर्बिणीने काम भागत होतं.

टिकला तो मधला मार्ग. पोटावरच्या बारीक छिद्रांतून दुर्बीण घालून आतड्याचा रोगट भाग कापायचा आणि तो गुदद्वारातून बाहेर काढायचा. त्यामुळे तो भाग काढण्यासाठी पोटावर वेगळा छेद लागत नाही. दुखणं कमी होतं आणि जखमेच्या जागी हर्निया होण्याची भीतीही कमी होते.

पण एक अट आहे. गाठ लहान हवी. मोठी गाठ त्या वाटेने येत नाही, तिच्यासाठी पोटावर छेद घ्यावाच लागतो. म्हणजे विज्ञानाने शोधलेल्या या लहान वाटेचा फायदा, वेळेवर तोंड उघडणाऱ्यालाच मिळतो.

उपचारासाठी गरजेपुरतं शरीर दाखवायला फिकहने मुभा दिली आहे. आज स्त्री डॉक्टरही मिळतात. तरीही आपल्या घरांत शौचातल्या रक्ताबद्दल बोलणं बेशरमपणाचं वाटतं. हजार वर्षांपूर्वी अल-जहरावींनी या लाजेवर तोड काढली होती. आपण निदान अम्मीला आणि खालाला एकदा विचारू तरी शकतो.