ए-नऊ-एलचा बाक

मंगळवार, २७ ऑगस्ट १९०७

कॅनडात क्युबेक शहराजवळ सेंट लॉरेन्स नदीवर १,८०० फुटांचा गाळा असलेला पूल उभा राहतो आहे. एवढा मोठा गाळा जगात कुठेच नाही. दक्षिण तीरावरून निघालेला पोलादी हात रोज थोडा पुढे सरकतो, तसा त्याचा भार मागच्या खांबाजवळच्या दांड्यांवर वाढत जातो. त्यांतल्याच एका दांड्याचं नकाशावरचं नाव ए-नऊ-एल. तरुण निरीक्षक नॉर्मन मॅक्लूर त्याचा बाक मोजतो. सव्वादोन इंच. आठवड्यापूर्वी तो पाऊण इंच होता.

दाबाखालचा दांडा वाकला की भार त्याच्या मधोमध राहत नाही. भार बाजूला सरकला की दांडा आणखी वाकतो. म्हणून बाक किती आहे यापेक्षा तो वाढतो आहे का, हे महत्त्वाचं. जागेवरचे इंजिनिअर मात्र वाद घालत बसतात. हा बाक कारखान्यातूनच आला असणार, असं एकाचं ठाम मत. मग आठवड्यात तो तिप्पट कसा झाला?

बुधवार, २८ ऑगस्ट

मुकादमाने आदल्या दिवशी थांबवलेलं काम पुन्हा सुरू होतं. मॅक्लूरला न्यूयॉर्कला पाठवायचं ठरतं. तिथे थिओडोर कूपर बसतात. पुलाचा शेवटचा शब्द त्यांचा. प्रकृतीमुळे त्यांनी पुलाचं पोलादी काम प्रत्यक्ष पाहिलेलंच नाही. तार मिनिटांत पोचली असती. पण एवढी मोठी गोष्ट समोर बसूनच सांगावी, असं त्या मंडळींना वाटलं असावं. मला ते कळतं, आणि म्हणूनच फार लागतं.

गाळा मुळात १,६०० फुटांचा होता. कूपरनी तो वाढवला, पण पुलाच्या स्वतःच्या वजनाचा हिशेब नव्याने मांडला गेला नाही. खरं वजन बरंच जास्त आहे हे १९०६ मध्ये उघड झालं, तेव्हा बरंचसं पोलाद घडवून झालं होतं. ताण ७ ते १० टक्क्यांनी वाढतो, चालेल, असं कूपरनी ठरवलं.

गुरुवार, २९ ऑगस्ट

सकाळी साडेअकराच्या सुमारास मॅक्लूर कूपरसमोर उभा राहतो. कूपरना गांभीर्य लगेच कळतं.

१२:१६. कूपर तार करतात : पूर्ण विचार होईपर्यंत पुलावर आणखी भार घालू नका. पण तार जाते पेनसिल्व्हेनियातल्या फीनिक्सव्हिलला, पूल बांधणाऱ्या कंपनीच्या कचेरीत. क्युबेकला तार करायचं काम मॅक्लूरकडे असतं. फीनिक्सव्हिलची गाडी पकडण्याच्या घाईत ते राहून जातं.

दुपारी एकच्या सुमारास तार फीनिक्सव्हिलला पोचते. मुख्य अभियंता जागेवर नाहीत. तीनच्या सुमारास ते परततात, तार वाचतात. काम चालूच.

पाच वाजून गेल्यावर मॅक्लूर तिथे पोचतो. बैठक बसते. उद्या सकाळी बघू, असं ठरतं.

५:३७. दिवसाचं काम संपत आलेलं. सुमारे १९,००० टन पोलाद पंधरा सेकंदांत खाली येतं. पुलावरच्या ८६ जणांपैकी ७५ मरतात. त्यांतले ३३ जण काह्नवाके या एकाच मोहॉक वस्तीतले. उंचावरच्या पोलादी कामात मुरलेली माणसं.

बारा सोळा ते पाच सदतीस. पाच तास एकवीस मिनिटं.

त्यानंतर

हॉलगेट, केरी आणि गॅलब्रेथ हे तीन अभियंते शाही आयोगावर होते. ढिगाऱ्याइतकंच लक्ष त्यांनी कागदांकडे दिलं. कोणतं पत्र कधी निघालं, कोणती तार कुणाच्या टेबलावर किती वेळ पडून होती, कुणाला काय कधी कळलं, हे साक्षीपुरावे घेऊन जुळवलं. तासांचा हा क्रम आज आपल्याला माहीत आहे तो या चौकशीमुळेच. १९०८ च्या अहवालात त्यांनी लिहिलं की जबाबदार माणसांनी अधिक चांगली विवेकबुद्धी वापरली असती, तर त्या दिवशीची प्राणहानी टळू शकली असती.

पण पूल का पडला, याचं उत्तर कागदात नव्हतं. ए-नऊ-एल हा एकसंध दांडा नव्हता. चार उभ्या पोलादी फळ्या शेजारी शेजारी ठेवून त्यांना तिरक्या पट्ट्यांच्या जाळीने आणि रिव्हेटांनी बांधलं होतं. चारही फळ्यांनी एकजीव होऊन दाब सोसायचा, तर सगळी मदार त्या जाळीवर. आकडेमोडीत फळ्यांना मान मिळाला होता. एवढ्या प्रचंड दांड्याला जाळी किती जाड हवी, हे प्रयोगाने कुणी ताडून पाहिलंच नव्हतं.

ते अपघातानंतर पाहिलं. मूळ दांड्याच्या एकतृतीयांश मापाचा नमुना यंत्रात धरून दाबला. फळ्या शाबूत असतानाच जाळीचे रिव्हेट कापले गेले आणि नमुना एका झटक्यात मोडला.