एकाच गाठोड्यातले वैरी

आपल्या पंचांगात तो दिवस फाल्गुन वद्य अष्टमीचा. राजस्थानात महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून तिथे तीच तिथी चैत्रातली. चाकसूत त्या दिवशी चूल पेटत नाही. आदल्या रात्री केलेली राबडी, पुए, पुऱ्या थंडच खायच्या आणि 'शील की डूंगरी' ही टेकडी चढून शीतलामातेला तेच थंड दाखवायचं. याला 'बास्योडा' म्हणतात. आमच्याकडे श्रावणातल्या शितळासप्तमीला आई हेच करायची, त्यामुळे ह्यांची बदली जयपूरहून टोंकच्या रस्त्यावरच्या या गावी झाली तेव्हा पहिली ओळख पटली ती देवीची. देऊळ जयपूरच्या माधोसिंह महाराजांनी बांधलं असं तिथली माणसं सांगतात.

डोंगरीच्या पायथ्याच्या जत्रेत मी पहिल्यांदा कठपुतळीचा खेळ बघितला. मुलगी पाच वर्षांची होती. दोन बाजा उभ्या केलेल्या, मध्ये रंगीत कनात, समोर सतरंजी. बाहुल्या नाचवणारा भाट आडोशाला उभा आणि त्याची बायको ढोलक घेऊन पुढे बसलेली. भाटाच्या दातांत 'बोली' असते, बांबूच्या चिपांची नि चामड्याची शिट्टी. बाहुली जे काही बोलते ते शिट्टीतून बोलते, आणि ढोलकवाली त्याचा अर्थ प्रेक्षकांना सांगते. मला पहिल्या पाच मिनिटांत एक अक्षर कळलं नाही. मुलीला मात्र सगळं कळत होतं.

आख्यान अमरसिंह राठोडाचं. नागोरचा हा सरदार शाहजहानच्या दरबारी होता. 1644 साली आग्र्याच्या भर दरबारात मीरबक्षी सलाबतखानाने अपमान केला म्हणून त्याने त्याला जागच्या जागी कट्यारीने मारलं, आणि पुढे स्वतःही दग्याने मारला गेला. आग्र्याच्या किल्ल्याचा एक दरवाजा आजही त्याच्या नावाचा आहे. नागोरकडच्या भाटांनी ही गोष्ट गावोगाव नेली. तलवारी खणखणल्या की मध्येच नाचणारी येते, गारुडी येतो, धोबी आणि मगर येते, आणि मग पुन्हा दरबार भरतो.

खेळ संपल्यावर मुलीने हट्ट धरला म्हणून आम्ही बाजेमागे गेलो. भाट बाहुल्या आवरत होता. जवळून बघितलं तेव्हा कळलं की डोकं आणि धड लाकडाच्या एकाच तुकड्यातलं आहे. हात कापडाचे, आत चिंध्या भरलेल्या. पाय नाहीतच, नुसता घोळदार झगा. डोक्यावरून निघालेली दोरी भाटाच्या बोटांवरून जाऊन बाहुलीच्या कमरेला परत येते. एवढ्याशा दोरीवर घोडदौड, मुजरा, खून सगळं. त्याने अमरसिंहाच्या झग्याची घडी नीट केली, सलाबतखान त्याच्या शेजारी ठेवला आणि दोघांना एकाच जुन्या लुगड्यात गुंडाळलं. मी विचारलं, हे दोघे एकत्र? तो म्हणाला, "दिनभर लडे हैं, बाईसा. अब सोने दो."

हे वाक्य मी विसरले नाही. याच मुलखात, चाकसूपासून जवळ, तुंग्याला 1787 च्या जुलैत महादजी शिंद्यांची फौज जयपूरच्या सैन्याशी लढली होती, आणि जयपूरच्या बाजूने चालून आले होते ते जोधपूरचे राठोड. दोनशे वर्षांनी त्याच राठोडांच्या वीराला एक मराठी पोर टाळ्या वाजवत होती, आणि शेजारणी तिला गूळ देत होत्या.

काही वर्षांनी घरात सीडीवर 'टॉय स्टोरी' आला. 22 नोव्हेंबर 1995 ला अमेरिकेत प्रदर्शित झालेला, संपूर्णपणे संगणकावर घडवलेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. जुना गुराखी वूडी आणि नवा अंतराळवीर बझ यांचं वैर आणि मग मैत्री. मुलगी पटकन म्हणाली, "आई, ह्याचे हात बघ, कापडाचे!" वूडीच्या पाठीला दोरीही आहे, ओढली की तो बोलतो. पुढे वाचनात आलं ते अधिक मोलाचं होतं. वूडी आधी बोलका बाहुला होणार होता, आपल्या अर्धवटरावासारखा. म्हणजे यशवंत पाध्यांनी 1916 च्या सुमारास ज्याला मांडीवर घेतलं आणि रामदास पाध्यांनी ज्याला घराघरांत पोहोचवलं, त्याच जातीचा.

आणि तो वूडी दुष्ट होता. 19 नोव्हेंबर 1993 ला डिस्नेच्या अधिकाऱ्यांनी अर्धवट झालेलं काम बघितलं. त्यात वूडी बझला जाणूनबुजून खिडकीतून ढकलतो. काम थांबवलं गेलं. दिग्दर्शक जॉन लॅसेटर आणि मंडळींनी गोष्ट नव्याने लिहिली, आणि ढकलणं अपघात झालं. त्याच वर्षी आपल्याकडे 'झपाटलेला' या चित्रपटातल्या तात्या विंचू या बाहुल्याला बघून पोरं आईच्या पदराआड लपत होती. तो बाहुलाही रामदास पाध्यांचाच. जगाच्या दोन टोकांना, एकाच वर्षी, बाहुल्याला किती वाईट होऊ द्यायचं हा प्रश्न आला, हे मला फार विलक्षण वाटतं. मी तर म्हणेन, उत्तर भाटाकडे आधीपासून होतं. वैर खेळापुरतं, मुक्काम एकत्र.

कुणी बघत नसताना खेळणी जिवंत असतात, ही कल्पना सिनेमाची म्हणून आपण कौतुक करतो. भाटांच्या घरात ती परंपरा आहे. बाहुली झिजून निकामी झाली की ती फेकत नाहीत, प्रार्थना करून नदीत सोडतात. विक्रमादित्याच्या सिंहासनावरच्या बत्तीस पुतळ्यांशी ते आपलं नातं सांगतात. आपल्या कुडाळजवळच्या पिंगुळीतही ठाकर मंडळींनी कळसूत्री बाहुल्या अशाच जपल्या. तिथल्या परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. राजस्थानात देवीलाल सामर यांनी 1952 ला उदयपुरात भारतीय लोककला मंडळ काढलं आणि तिथल्या कठपुतळ्यांनी 1965 मध्ये बुखारेस्टच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात पहिलं बक्षीस आणलं. पण ते बक्षीस जत्रेतल्या भाटाचं पोट भरत नाही. त्याला आज हॉटेलच्या अंगणात पंधरा मिनिटांचा नाच दाखवायला बोलावतात, आणि त्यात सलाबतखान येतच नाही. वैरी गेला की राठोडाला करायला काही उरत नाही, तो नुसता दागिन्यांनी मढलेला राजा होतो.

आमच्याकडे त्या जत्रेतून आणलेली जोडी अजून आहे. राठोडाची मिशी उडाली आहे, खानाच्या झग्याला मी दोनदा टाके घातलेत. जयपूरला जाल आणि कठपुतळी घ्यावीशी वाटेल, तर आधी पूर्ण आख्यान दाखवायला सांगा, त्याचे पैसे वेगळे द्या, आणि राजाराणी न घेता अमरसिंहाबरोबर सलाबतखान मागून घ्या.