शहाजोग

‘तो शहाजोगपणे म्हणाला’ असे वाक्य आले की बोलणाऱ्याच्या मनात काही वेगळेच आहे, हे मराठी वाचकाला निराळे सांगावे लागत नाही. वरून सज्जन, आतून बेरकी, असा या शब्दाचा आजचा अर्थ. मात्र त्याचा जन्म पेढीवर झाला आणि तेथे त्यात उपरोधाचा लवलेशही नव्हता. शहा म्हणजे बाजारात पत असलेला माणूस. शहाजोग म्हणजे अशा माणसालाच देण्याजोगी हुंडी. ‘साव’, ‘साहू’, ‘शहा’ ही सगळी ‘साधु’ या शब्दाची बाजारात वाढलेली भावंडे. आपल्या भाषेत चोराच्या विरुद्ध साव उभा असतो, संत नव्हे, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

हुंड्या अनेक प्रकारच्या असत. देखाडजोग हुंडी जो आणून दाखवील त्याला द्यावी, धनीजोग हुंडी तिच्या धन्याला द्यावी. शहाजोग हुंडीचे पैसे मात्र ज्याची पेढी, पत आणि ठावठिकाणा बाजाराला माहीत आहे अशा शहालाच मिळत. परक्या गावी आलेल्या अनोळखी व्यापाऱ्याला थेट पैसे मिळत नसत. त्याला आधी एखादा स्थानिक शहा गाठावा लागे. तो शहा आपल्या नावावर रक्कम उचली, आणि पुढे हुंडी चोरीची किंवा बनावट निघाली तर व्याजासह परत करण्याची जोखीम त्याच्यावर असे. म्हणजे ओळख पटवणारा आणि नुकसान सोसणारा माणूस एकच. संपूर्ण पद्धतीचे मर्म मला येथे दिसते.

हुंडीच्या मजकुरातही पडताळणी विणलेली असे. रक्कम लिहून झाल्यावर तिची निम्मी रक्कम लिहायची आणि ‘तिची दुप्पट’ असे पुन्हा नोंदवायचे. मागाहून कोणी आकडा फिरवला तर निम्मे आणि दुप्पट यांचा मेळ बसत नसे. हुंडी हरवली तर दुसरी प्रत निघे, तिला पेठ म्हणत; तीही हरवली तर परपेठ. 1881 च्या परक्राम्य संलेख कायद्याने देशी भाषांतील अशा संलेखांचे स्थानिक रिवाज मोडीत काढले नाहीत, इतके ते रुजलेले होते. अर्थात या व्यवस्थेविषयी फार हळवे होण्याचे कारण नाही. ज्याचे कूळ आणि जात बाजाराच्या ओळखीची नाही, त्याने शहा कोठून आणायचा?

पुढे ओळख पटवण्याचा प्रश्नच बदलला. आपल्याकडे 1850 मध्ये संयुक्त भांडवली कंपन्यांच्या नोंदणीचा कायदा झाला, 1857 मध्ये मर्यादित जबाबदारीचे तत्त्व आले, आणि कंपनी ही तिच्या भागधारकांहून वेगळी व्यक्ती आहे हे इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने 1896 मध्ये सालोमनच्या खटल्यात निःसंदिग्धपणे सांगितले. जिला चेहरा नाही, सही नाही, अशी ही व्यक्ती. तिला ओळखायचे म्हणजे तिच्यामागच्या माणसांना ओळखायचे. भारतात पैशाच्या अपहरणशोधनाला, रूढ शब्दांत मनी लाँड्रिंगला, प्रतिबंध करणारा 2002 चा कायदा 1 जुलै 2005 पासून अमलात आला आणि बँकांवर हे काम कायद्याने पडले. कंपनीत 25 टक्क्यांहून अधिक हिस्सा असणारा माणूस तिचा ‘लाभार्थी मालक’ मानला जाई. मार्च 2023 मध्ये ती मर्यादा 10 टक्क्यांवर आणली गेली.

दरम्यान शहाची जागा क्रमांकांनी घेतली होती. आम्हा भाषेच्या शिक्षकांना हे क्रमांक रुक्ष वाटतात, परंतु तेही वाचता येतात. पॅनच्या दहा चिन्हांतील चौथे अक्षर धारकाची जात सांगते: ‘पी’ म्हणजे व्यक्ती, ‘सी’ कंपनी, ‘एफ’ भागीदारी. 2017 मध्ये आलेल्या जीएसटीच्या पंधरा चिन्हांत पहिली दोन राज्याची (महाराष्ट्राची 27), पुढची दहा पॅनची, आणि शेवटचे चिन्ह आधीच्या चौदांवरून गणिताने काढलेले. एक चिन्ह चुकले की मेळ बसत नाही. निम्मे आणि दुप्पट यांचा हा वंशज.

जानेवारी 2020 मध्ये रिझर्व्ह बँकेने दूरदृश्य संभाषणातून ग्राहक ओळखण्यास परवानगी दिली आणि मे 2021 मध्ये ती एकल मालकीच्या व्यवसायांना व कंपन्यांच्या अधिकृत सहीदारांनाही लागू केली. पलीकडे बँकेचाच अधिकारी हवा, ग्राहक भारतातच आहे याची नोंद हवी, समोर माणूस आहे की आधीची चित्रफीत हे कळावे म्हणून प्रश्नांचा क्रम बदलता हवा. तंत्रज्ञान बाहेरून घेता येते, अंतिम जबाबदारी मात्र बँकेचीच राहते. हा नियम लिहिणाऱ्यांना शहाजोग हुंडी आठवली असेल असे नाही, पण जोखीम कोणाच्या अंगावर, हा जुना प्रश्न त्यांना टाळता आलेला नाही.

आमच्या महाविद्यालयाचे नियतकालिक छापणाऱ्या मुद्रकाचे उदाहरण येथे सांगावेसे वाटते. त्याने एका बँकेत छापखान्याचे चालू खाते भ्रमणध्वनीवरूनच उघडायला घेतले. एकल मालकी म्हणजे छापखान्याला वेगळे अस्तित्व नाही. मालकाचा पॅन आणि व्यवसायाचे दोन पुरावे द्यायचे. त्याच्या नावात ‘ज्ञ’ आहे. शाळेच्या दाखल्यापासून पॅनपर्यंत तो रोमन लिपीत डी-एन-वाय असा आला. गुमास्त्याचा अर्ज भरणाऱ्या एजंटाने हिंदीच्या वळणाने जी-वाय केला. (मालकाने नेमलेला कारकून तो गुमास्ता, दुकानाच्या नोंदणीलाच आपण ते नाव देऊन टाकले आहे.) यंत्राने अक्षरे ताडून पाहिली आणि ‘नाव जुळत नाही’ असे कळवले. तीनदा. चौथ्यांदा अर्जच बंद झाला, आणि कोणाशी बोलायचे हे पडद्यावर कोठेही नव्हते.

चूक यंत्राची नाही. एका ध्वनीची दोन रोमन रूपे ही आपल्याकडे अपवादात्मक गोष्ट नाही. प्रक्रिया आखणाऱ्याने तिथे नकार ठेवला, माणूस ठेवला नाही. अक्षरांचा विसंवाद ही संशयाची खूण असू शकते, तो निकाल कसा असेल? पूर्वी बँकेच्या अर्जावर ओळख देणाऱ्या खातेदाराच्या सहीची चौकट असे. मी स्वतः दोन विद्यार्थ्यांसाठी तीत सही केली आहे, आणि करताना क्षणभर हात थांबला होता, हेही आठवते.

मुद्रकाचे खाते अखेर उघडले. तो शाखेत गेला, दोन्ही कागद पुढे ठेवले. आठवड्याने एक तरुण अधिकारी छापखान्यात आला. त्याने यंत्रे पाहिली, पाटीचे छायाचित्र घेतले, आणि जाताना शेजारच्या वह्यांच्या दुकानदाराला विचारले, “हे इथे किती वर्षांपासून आहेत?”