ग्रँट, एलिअनेट, रिझ्यूम : इनामांचा हिशोब आणि पुण्याचं एक ऑफिस

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा भाग जवळजवळ जसा बोललो तसाच उतरवलाय. माझे ‘अं’ आणि ‘म्हणजे’ तेवढे कापलेत.

मी दिवसभर डेटाबेसवर काम करतो. तिथे कुणाला परवानगी द्यायची तर कमांड आहे ग्रँट, काढून घ्यायची तर रिव्होक. विषय संपला. पण इंग्रजीत ‘देणं’ या एका गोष्टीसाठी केवढी क्रियापदं आहेत बघा. पदवी ‘कन्फर’ करतात. अधिकार एखाद्याच्या ठायी ‘व्हेस्ट’ होतो. मुलूख ‘सीड’ करतात. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहात दुसऱ्या बाजीरावाने २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख कंपनीला असाच देऊन टाकला. आपण मात्र सगळीकडे ‘दिलं’ म्हणून मोकळे होतो. हा फरक फक्त वकिलांच्या कामाचा, असं वाटेल. पण एकोणिसाव्या शतकात याच फरकाने इथल्या हजारो घरांचं उत्पन्न ठरलं.

आधी आपल्याकडे देण्याची पद्धत कशी होती ते बघू. आज ‘इनाम’ म्हटलं की बक्षीस आठवतं. पेशवाईत इनाम म्हणजे बहुतेक वेळा सरकारने स्वतःचा सारा सोडून देणं. कसणारा शेतकरी तोच, जमीन तीच. फक्त सरकारात जाणारा वाटा आता इनामदाराला. आणि हे ज्या कागदावर लिहिलेलं असायचं, ती सनद.

सनदेची भाषा मला फार आवडते, कारण ती कोड लिहिल्यासारखी नेमकी असते. काय काय दिलं? झाडं, गवत, पाणी, दगड, जमिनीत पुरलेलं धन सापडलं तर तेही. किती काळ? पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने. पण खरी गंमत शेवटी आहे. सनदेसोबत गावच्या मोकदमाला आणि परगण्याच्या देशमुख-देशपांड्यांना पत्रं जायची, त्यात सांगितलेलं असायचं की इनाम ‘चालवणे’, दरसाल नव्या सनदेचा उजूर न करणे, नक्कल उतरून घेऊन अस्सल कागद इनामदाराला भोगवट्यासाठी परत देणे. उजूर म्हणजे हरकत. थोडक्यात, दरवर्षी त्याला नवा टोकन आणायला लावू नका.

आता हे सांगावं लागत होतं याचा अर्थ काय? अधिकारी अडवत होते, उघड आहे. म्हणजे त्या जगात ‘दिलं’ हे एका दिवसात पूर्ण होणारं काम नव्हतंच. मुख्य क्रियापद ‘चालवणे’. गाव आणि परगणा चालवत राहील तोवर दान जिवंत.

१८१८ मध्ये पेशवाई जाता जाता, फेब्रुवारीत, एल्फिन्स्टनने साताऱ्यात जाहीरनामा काढला. वतनं, इनामं, नेमणुका कंपनी पुढे चालू ठेवील, असं वचन त्यात होतं. लोकांना धीर आला. पुढची तीसेक वर्षं चौकश्या रेंगाळत झाल्या. मग १८५२ चा अकरावा कायदा आला आणि इनाम कमिशनला धार चढली.

कमिशनचा प्रश्न साधा होता: कागद दाखवा. आणि देणाऱ्याला द्यायचा अधिकार होता का, तेही दाखवा. कुठल्या तरी सुभेदाराने किंवा मामलेदाराने दिलं असेल तर? सनद वाळवीने खाल्ली असेल तर? चार पिढ्या ‘चालवलं’ होतं, पण कागदात ‘वंशपरंपरेने’ नसेल तर? शिवाय या निकालांविरुद्ध दिवाणी कोर्टात जायची सोय नव्हती. दाद मागायची तीही सरकारकडेच. इतिहासाच्या पुस्तकांत खालसा झालेल्या इनामांचा आकडा २० हजारांच्या आसपास दिलेला सापडतो. आपले लोकहितवादी, गोपाळ हरी देशमुख, १८५६ मध्ये याच खात्यात असिस्टंट कमिशनर होते. त्यांच्या घरी त्या काळात काय गप्पा होत असतील, मला खरंच ऐकायला आवडलं असतं.

आता शब्द बघा. इनाम जमिनीला इंग्रजांनी नाव दिलं ‘एलिअनेटेड’ लँड. एलिअन म्हणजे परका. जो सारा मुळात सरकारचा, तो परक्याकडे गेला, ही त्यामागची समजूत. आणि तो परत घेण्याला शब्द होता ‘रिझ्यूम’! आपण सिरीज पॉज करून पुन्हा रिझ्यूम करतो, तसाच. आपल्याकडे यालाच ‘इनाम खालसा झालं’ म्हणायचे. त्यात घाव ऐकू येतो. ‘रिझ्यूम’मध्ये कुणाचं काही गेलंय असं वाटतच नाही. जणू मधली शंभर वर्षं नुसता पॉज होता.

पुण्यात कौन्सिल हॉलजवळ पुरालेखागाराची दगडी इमारत आहे, पेशवे दफ्तर तिथेच. त्याचं जुनं नाव एलिअनेशन ऑफिस. इनामदारांचे दावे तपासायला सरकारला पेशव्यांचे मोडी कागद हवे होते, म्हणून ते रुमालांत बांधून जपले गेले. पुढे त्याच कागदांतून गो. स. सरदेसाईंनी १९३० नंतर निवडक पेशवे दफ्तराचे ४५ खंड काढले. आज कुठलाही पॉडकास्टवाला, मी धरून, पेशवाईवर बोलतो ते या कृपेने.

१८५७ नंतर सरकार नरमलं. १८६३ च्या कायद्यांनी इनामदारांना सवलत दिली: चौकशी नको असेल तर ठरावीक रक्कम दरसाल भरा आणि इनाम कायम करून घ्या. मोठ्यांचं बरंचसं निभावलं.

महार वतनाचं तसं नव्हतं. तिथे जमीन थोडी आणि तिच्या बदल्यात घराण्याने सरकारची नि गावाची चाकरी करायची, वेळीअवेळी बोलावणं आलं की जायचं. १८७४ च्या वतन कायद्याने वतनाची जमीन बाहेर विकायलाही मज्जाव. डेटाबेसच्या भाषेत ‘विथ ग्रँट ऑप्शन’ नाही: वापरा, पण पुढे देऊ नका. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात बिल आणलं, की ज्याला हवं त्याने पूर्ण सारा भरावा, जमीन ठेवावी आणि चाकरीतून सुटावं. ज्या देणगीला बाकीचे इनामदार जिवाच्या आकांताने धरून बसले होते, तिच्यातून सुटायला इथे कायदा मागावा लागत होता. ते बिल पुढे मागे घ्यावं लागलं. ही वतनं गेली ती १९५८ च्या कायद्याने. जमिनी आधी सरकारजमा झाल्या, मग वतनदारांना परत दिल्या, पण ‘नवीन अविभाज्य शर्ती’वर. म्हणजे विकायच्या तर कलेक्टरची परवानगी.

फोनवर महाभूलेख उघडून गावाकडचा एखादा सातबारा काढा. ‘भूधारणा पद्धती’ असा रकाना दिसेल. तिथे ‘भोगवटादार वर्ग २’ असेल तर त्या जमिनीचा जुना फेरफार मागवा. वतनाची जमीन असेल तर तलाठ्याच्या अक्षरात, देवनागरीत, बहुधा एक शब्द सापडेल: ‘रिग्रँट’.